रात्रपाळीची लाईट

थंडी आणि इलेक्ट्रिक गाड्या या विषयावर तुमच्या मोबाइलवर आजवर जे काही आलं असेल, ते बहुतेक बर्फातलं असेल. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत पारा उणे वीसच्या आसपास गेला आणि चार्जिंग स्टेशनांवर टेस्ला गाड्यांच्या रांगा लागल्या. काही गाड्या रांगेतच बंद पडल्या. ते व्हिडिओ आपल्याकडंही भरपूर फिरले. त्याखाली "बघा, म्हणून म्हणतो पेट्रोलच बरं" असं लिहिणाऱ्यांत हिमायतनगरचे लोकही होते. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात बर्फ फक्त रसवंतीवर पाहिलेला.

आमच्याकडं थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहाच्या आसपास उतरणारं तापमान. पैनगंगेच्या बाजूला जरा जास्त बोचतं, किनवटच्या जंगलाकडं आणखी. एवढ्या थंडीत बॅटरीचं फारसं काही बिघडत नाही. लिथियमच्या बॅटरीला खरी अडचण शून्याखाली येते. तेव्हा आतलं द्रावण मंदावतं आणि तशात चार्जिंग लावलं तर लिथियम जिथं मुरायला हवा तिथं मुरण्याऐवजी धातू होऊन वर साचतो, म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. आमच्या पहाटेला स्कूटर दोन-चार किलोमीटर कमी पळते, एवढंच. शिवाय गंमत म्हणजे थंडी ट्रान्सफॉर्मरच्या सोयीची असते. त्यातलं ऑईल लवकर थंड होतं, त्यामुळं तो उन्हाळ्यापेक्षा जास्त भार सोसू शकतो.

मग आमच्या भागात डीप्या ऐन थंडीत का जळतात?

कारण आमच्याकडं थंडी विजेच्या तारेत शिरते ती रब्बीच्या वाटेनं. पाऊस संपलेला असतो, विहिरीला आणि बोअरला अजून पाणी असतं, गहू आणि हरभरा शेतात उभा असतो, हळदीला शेवटचं पाणी द्यायचं असतं. जे काही ओलित आहे ते याच तीन महिन्यांत. जेवढ्या मोटरी आहेत तेवढ्या सगळ्या एकाच हंगामात, आणि थ्री फेज लाईट असते तेवढ्याच आठ तासांत चालणार. ते आठ तास काही दिवस दिवसाचे, काही दिवस रात्रीचे. गावाला चोवीस तास लाईट आणि शेताला पाळीपाळीनं, कारण गावठाणचा फिडर वेगळा आणि शेतीचा वेगळा. हे फिडर वेगळे करण्याचं काम महाराष्ट्रात वीसेक वर्षांपूर्वी सुरू झालं. तेव्हापासून एकाच सबस्टेशनातून निघणाऱ्या दोन तारांवर दोन प्रकारचे नागरिक राहतात, असं मला वाटतं. हे वाक्य जरा भडक आहे, पण पुढं वाचा.

मी हिमायतनगरात राहतो, म्हणजे गावठाण फिडरवर. शिकवण्या घेतो, इलेक्ट्रिक स्कूटर वापरतो. जुनी माणसं अजून गावाला वाढोणा म्हणतात, आणि माझे काका त्यातलेच. त्यांचं शेत गावापासून चार किलोमीटरवर आहे. तिथं आखाड्यावर ते, काकू आणि माझा थोरला चुलतभाऊ राहतात. दादाकडंही स्कूटर आहे, माझ्याआधी त्यानंच घेतली. दूध घेऊन तो रोज दोनदा गावात येतो आणि पेट्रोलचा हिशोब त्यानं माझ्याआधी केला. पण त्याची स्कूटर चार्ज होते ती शेतीच्या डीपीवर.

आता थोडे आकडे. ते नसले की या विषयावर सगळे नुसते ओरडतात.

साध्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी तीनेक युनिटची असते आणि तिचा चार्जर साधारण ७५० वॉट ओढतो, चार-पाच तास. आंघोळीच्या बादलीत टाकायचा हीटर १५०० वॉटचा असतो, म्हणजे दोन स्कूटरींएवढा. पाच एचपीची मोटर ३.७ किलोवॉटची, म्हणजे पाच स्कूटरी. आणि ती सुरू होताना, त्या पहिल्या काही सेकंदांत, नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. चारचाकी मात्र वेगळं प्रकरण आहे. घरी लावायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर म्हणजे जवळजवळ दोन मोटरी, रात्रभर. हिमायतनगरात अशा गाड्या अजून बोटावर मोजण्याएवढ्या आहेत. नांदेडच्या नव्या वसाहतींत त्या गल्लीगल्लीत दिसायला लागल्या आहेत.

काकांच्या डीपीवर बारा मोटरी आहेत. डीपी ६३ केव्हीएची. कागदावर यातल्या बऱ्याच मोटरी तीन एचपीच्या आहेत. विहिरीवर जाऊन पाहिलं तर पाचच्या. मंजूर भार तीनचा आणि चालतेय पाचची, ही गोष्ट आमच्याकडं इतकी सर्वमान्य आहे की तिला कुणी चोरी म्हणत नाही. शिवाय जवळजवळ प्रत्येक स्टार्टरला ऑटोस्विच. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. कॅपॅसिटर लोक बसवतात ते वेगळ्याच कामासाठी, सिंगल फेजवर मोटर ओढायला. ऑटोस्विच मात्र कुणी काढत नाही. का काढावा? रात्री दोनला लाईट येणार असेल तर उठून बटण दाबायला चिखलातून कोण जाणार?

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका रात्री लाईट ट्रिप झाली आणि तासाभरानं परत आली. बाराच्या बारा मोटरी एकाच क्षणी उठल्या. दादा म्हणतो, आवाज आखाड्यापर्यंत आला. सकाळी डीपीखाली ऑईल सांडलेलं होतं.

नवी डीपी बसेपर्यंत आठ दिवस गेले. गहू फुलोऱ्यावर होता. त्या आठ दिवसांत काय वाळलं याचा हिशोब मी करत नाही, कारण मला सांगायचंय ते पट्टी गोळा करायला लोक जमले तेव्हाचं भांडण. डीपी ट्रॅक्टरनं आणायची, माणसं लावायची, त्याचे पैसे कुणी किती द्यायचे, यावर काकांच्या आखाड्यावर बैठक बसली होती. मी सहज गेलो होतो. प्रत्येकाचं म्हणणं एकच: "माझी तर एकच मोटर हाय." आणि मग एक शेजारी दादाकडं बोट दाखवून म्हणाला, "आधी कधी जळली का? हे गाडी चार्जिंगला लावायला लागल्यापासून जळली."

दादा चिडला. त्यानं आकडे सांगितले, वर दिले तेच. बारा मोटरींसमोर एक स्कूटर म्हणजे पोत्यात चिमूटभर. शेजाऱ्यानं शांतपणे उत्तर दिलं: "चिमूटभरच. पण पोतं आधीच भरलेलं होतं ना बापू."

मला ते उत्तर आवडलं नाही, पण ते मूर्खपणाचं नव्हतं. मी त्यावर बरेच दिवस विचार केला.

डेरेक पार्फिट नावाच्या इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञानं १९८४ मध्ये लिहिलेल्या एका ग्रंथात नेमका हा पेच घेतला आहे. तो म्हणतो, अशी कल्पना करा की हजार माणसं आहेत आणि प्रत्येकजण एक बटण दाबतो. एका बटणानं कैद्याच्या वेदनेत जी वाढ होते ती इतकी सूक्ष्म की कैद्यालाही जाणवत नाही. हजार बटणं दाबली की वेदना असह्य होते. प्रत्येकजण म्हणू शकतो, "माझ्या बटणानं काहीच झालं नाही," आणि प्रत्येकाचं म्हणणं एका अर्थी खरं असतं. तरी एक माणूस तळमळतोय. पार्फिटचं म्हणणं असं की "माझ्या एकट्याच्या कृतीनं काय फरक पडतो" हा प्रश्नच अपुरा आहे. "आम्ही सगळे मिळून काय करतोय आणि त्यात मी आहे का" हेही विचारावं लागतं. त्याच प्रकरणात उलटं उदाहरणही आहे: वाळवंटात हजार माणसं तहानलेली, आणि दुसरी हजार माणसं आपापलं थोडं थोडं पाणी एका टाकीत ओततात. एकाच्या पाण्याचा एका तहानलेल्याच्या वाट्याला येणारा अंश थेंबाएवढा. तरी ओतणं चांगलंच.

पार्फिटचा नियम आमच्या डीपीला लावला तर बारा मोटरी आणि एक स्कूटर असे तेराही जण जबाबदार. पण सारखे? इथं पार्फिट फारशी मदत करत नाही, कारण त्याचे हजार माणसं एकसारखे आहेत. आमचे तेरा एकसारखे नव्हते. कुणाची मंजुरी तीनची आणि मोटर पाचची, कुणाची पाचची पाचच. कुणी वीस वर्षांपूर्वी आलेला, कुणी मागच्या वर्षी.

शेजाऱ्याचा मुद्दा शेवटी आलेल्याचा होता. जे आधीपासून आहेत त्यांचा भार म्हणजे जणू जमीन, आणि नवा येतो तो अतिक्रमण करणारा. हे तर्कशास्त्र तुम्हाला सगळीकडं भेटेल. रेल्वेच्या जनरल डब्यात नांदेडला चढलेले लोक भोकरला चढणाऱ्याला ज्या नजरेनं बघतात, तीच ही नजर. गर्दी म्हणजे नेहमी माझ्यानंतर चढलेले लोक. पण वीज साठवून ठेवलेली जागा नाही, ती त्या क्षणी तयार होते आणि त्याच क्षणी संपते. तारेला आधी कोण आलं हे माहीत नसतं. त्या रात्री दोन वाजता डीपीनं पाहिलं ते एवढंच, की एका सेकंदात किती मागणी आली. त्या सेकंदात सगळेच शेवटी आलेले होते.

म्हणून मी दादाच्या बाजूनं आहे. पट्टीत त्याचा वाटा त्याच्या भाराएवढा असावा, आणि मंजुरीपेक्षा जास्त ओढणाऱ्यांचा वाटा आधी मोजावा. बैठकीत ठरलं ते वेगळंच: सगळ्यांनी सारखे पैसे. मोजमाप सुरू केलं असतं तर प्रत्येकाच्या विहिरीवरची पाटी वाचावी लागली असती आणि ते कुणालाच नको होतं.

यातला खोल प्रश्न मात्र वेगळा आहे. वीजवितरणाची सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे: सगळे एकाच वेळी मागणार नाहीत. शंभर घरांना प्रत्येकी दोन किलोवॉट मंजूर असले तरी ट्रान्सफॉर्मर दोनशेचा लावत नाहीत. कुणी आंघोळ करत असेल तेव्हा कुणी झोपलेला असेल, कुणी गावाला गेलेला असेल. इंजिनिअर लोक याचा गुणक काढतात. मला ते एक प्रकारचं सामाजिक करारपत्र वाटतं, ज्यावर आपण सगळ्यांनी न वाचता सही केली आहे. लाईट गेल्यावर हे करारपत्र मोडतं, कारण परत आली की सगळ्यांची गरज एकदम उभी राहते. थंड प्रदेशात घरोघरचे हीटर एकदम पेटतात. तिथं या प्रकाराला ‘कोल्ड लोड पिकअप’ म्हणतात. आमचा ऑटोस्विच हे त्याचंच मराठवाडी रूप.

कांट म्हणतो, तुझ्या वागण्याचा नियम सगळ्यांचा नियम होऊ शकेल का ते तपासून बघ. शाळेत शिकल्यापासून मला हा नियम पटत आलाय, पण इथं तो लावला की घोळ होतो. "मी रात्री दहाला चार्जिंग लावतो" हे सगळ्यांनी केलं तर डीपी जळेल. म्हणून ते अनैतिक? मग "मी सकाळी सहाला आंघोळ करतो" हेही अनैतिक. "मी आता दळायला गिरणीत जातो" हेही. आयुष्यातली निम्मी साधी कामं अशी आहेत की सगळ्यांनी एकदम केली तर अनर्थ होतो, आणि एकामागं एक केली तर कुणाला कळतही नाही. त्या कामांत दोष नाही. दोष असलाच तर त्यांना पाळी नसण्यात आहे.

या एकत्र असण्याचा आवाका किती मोठा झालाय हे आपल्याला जाणवत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या भारताला जोडलं गेलं. तेव्हापासून सगळ्या देशाची वीज एका ठेक्यात चालते, सेकंदाला ५० हेलकावे. काकांची मोटर आणि लुधियानाची गिरणी एकाच तालावर फिरतात. मागणी वाढली की ताल किंचित मंद होतो, सगळीकडं एकदम. जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारतातला ताल तुटला तेव्हा साठ कोटींवर लोक अंधारात गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात गोठवणाऱ्या थंडीत सगळ्यांनी हीटर लावले, गॅसची वीजकेंद्रं गारठून बंद पडली, आणि पूर्ण जाळं कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती असं नंतर तिथल्या यंत्रणेनं सांगितलं. ते टाळण्यासाठी घरांची लाईट कापली. पाळीपाळीनं कापणार होते, पण पाळी फिरलीच नाही. काही वस्त्या दिवसचे दिवस अंधारात राहिल्या आणि शहराच्या मध्यभागी रिकाम्या ऑफिसांचे मनोरे रात्रभर झगमगत होते, कारण ते दवाखान्यांच्या तारेवर होते. २४६ मृत्यू सरकारी नोंदीत आहेत. कोणता माणूस कोणत्या फिडरवर, यावर त्याची रात्र ठरली.

पाळीचा विचार आपल्याकडं नवा नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, वर हवालदार. शेतकऱ्यानं स्वतः दार उघडायचं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथला नियम आणखी धाडसी होता. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, माणसांच्या मापानं द्यायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस लावायचा नाही, आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. मला हा गेल्या शतकातला महाराष्ट्रातला सर्वांत महत्त्वाचा नैतिक प्रयोग वाटतो. शाळेच्या पुस्तकांत आपल्याला तो फार तर चार ओळींत भेटतो, तेही पर्यावरणाच्या धड्यात.

विजेच्या पाळीत मात्र पाटकरी दिसत नाही. पाळी ठरते कुठंतरी दूर, मागणी आणि पुरवठ्याच्या तक्त्यात. आणि ती ठरताना एक गोष्ट मोजलीच जात नाही: रात्र कुणाच्या अंगावर पडते.

काका बासष्ट वर्षांचे आहेत. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दहा वाजता स्वेटर, त्यावर घोंगडी, डोक्याला मफलर, हातात बॅटरी असे निघतात. हरभऱ्याला तुषार लावले असतील तर दर दोन-तीन तासांनी पाईप उचलून पुढं न्यायचे, ओल्या मातीत. गव्हाला पाटानं पाणी असेल तर वाफा भरला की दार मोडायचं, दुसरं धरायचं. पाय गुडघ्यापर्यंत गार. मध्येच रानडुक्कर. ओल्या हातानं स्टार्टरला हात लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. बिल आता शून्य येतं. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. मी एकदा म्हणालो, "काका, आता फुकट झाली की." ते म्हणाले, "फुकट? ही झोप काय फुकट हाय का?"

फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरलं, तेव्हा त्यांची मागणी दराची नव्हती, वेळेची होती. दिवसा दहा तास लाईट द्या. स्वस्त द्या, माफ करा, हे आपण पन्नास वर्षं ऐकत आलो. "दिवसा द्या" ही मागणी मला जास्त माणुसकीची वाटते, कारण तिच्यात शरीर आहे.

आता सूर्यामुळं ते शक्य व्हायला लागलंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही त्यासाठीच आहे: सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभे करायचे आणि शेतीचा फिडर दिवसा त्यावर चालवायचा. २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला त्यातला पहिला प्रकल्प सुरू झाला. आमच्या भागातही शेतांत निळ्या पाट्या दिसायला लागल्या आहेत. दिवसा वीज जास्त आणि रात्री कमी, असं चित्र हळूहळू उलटतंय. त्याच उलटण्यात आमच्या स्कूटरींचा प्रश्न दडलाय.

कारण स्कूटर रात्री घरी असते. माणूस कामावरून येतो, गाडी लावतो, प्लग खोचतो, जेवतो. संध्याकाळी सात ते दहा, नेमकं जेव्हा सूर्य मावळलेला असतो, दिवे, टीव्ही, स्वयंपाकघर सगळं चालू असतं, आणि थंडीत तर साडेपाचलाच सावल्या लांब झालेल्या असतात. देशभर लाखो लोक ही एकच सवय पाळतात. गृहीत होतं की सगळे एकाच वेळी मागणार नाहीत. सवय म्हणते, आम्ही एकाच वेळी मागू.

यावर माझा नियम साधा होता: ज्याला थांबता येतं त्यानं थांबावं. गहू फार थांबू शकत नाही. काकांच्या गुडघ्यांना रात्र झेपत नाही. दवाखान्यातला ऑक्सिजन एक सेकंद थांबत नाही. बॅटरी मात्र थांबण्यासाठीच बनलेली वस्तू आहे. तिला कधीही भरा, सकाळपर्यंत भरली म्हणजे झालं. मी शिकवण्या घेतो सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी गाडी उभीच असते. मी दुपारी चार्ज करतो. टीओडी मीटरवर दिवसा नऊ ते पाचच्या वापराला थोडी सवलतही मिळते. नियम पाळणं मला सोपं आहे, आणि जो नियम आपल्याला सोपा जातो त्याबद्दल मी सहसा संशय ठेवतो.

संशय खरा ठरवला स्टेशनवरच्या एका रिक्षावाल्यानं. त्याच्याकडं बॅटरीची रिक्षा आहे, हप्ते चालू आहेत. त्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, दुपारी गाडी उभी केली तर हप्ता तुम्ही भरायलाव का?" त्याची बॅटरी थांबू शकते, तो थांबू शकत नाही. आदिलाबादकडची गाडी आली की त्याला फाट्यावर असायला हवं. म्हणजे थांबण्याची ताकद यंत्रात नसते, ती माणसाच्या आयुष्यात असते. मोकळी दुपार, पगार, घरावर सौर पाट्या, शेजारी असणारी मदत. ज्यांच्याकडं हे आहे त्यांना सवलत, ज्यांच्याकडं नाही ते महागाच्या वेळेत. "थांबता येईल त्यानं थांबावं" हा नियम बिलाच्या भाषेत उतरला की "थांबणं परवडेल त्याला बक्षीस" असा होतो. तो वाईट आहे असं नाही, पण त्याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि आपल्याकडं थांबायला लावणं ही जुनी सवय आहे. तहसीलच्या ओट्यावर कोण थांबतं, कोण सरळ आत जातं, हे सांगायची गरज नाही.

दुसरी अडचण आणखी मजेदार आहे. समजा सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी मोबाइलमध्ये टायमर लावला, बरोबर नऊ वाजता. मग नऊला काय होईल? बारा मोटरी आणि ऑटोस्विच. चांगल्या हेतूनं वागणारी हजार माणसं एकाच मिनिटाला बटण दाबतात आणि पार्फिटचा कैदी परत तळमळतो. म्हणून आता स्मार्ट चार्जिंग: तुम्ही प्लग खोचून ठेवा, कधी भरायचं ते यंत्रणा ठरवेल, कुणाला दहाला, कुणाला पावणेबाराला. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर बरोबर आहे आणि ते येणारच. मला फक्त पाटकरी आठवतो. पाटकऱ्यानं तुझी पाळी पुढं ढकलली तर तू त्याच्याशी भांडू शकत होतास, आणि तुझं पाणी कुणाच्या शेतात गेलं ते बांधावरून दिसत होतं. मोबाइलमधल्या पाटकऱ्याशी भांडता येत नाही, आणि माझी थांबलेली वीज कुणाला मिळाली हे तो सांगत नाही. काकांना मिळाली असं कळलं तर मी आनंदानं थांबेन. एखाद्या मॉलच्या पाटीला मिळाली असेल तर माझा विचार वेगळा होईल. यंत्रणा म्हणेल, इलेक्ट्रॉनला पत्ता नसतो. खरं आहे. पण पाळी लावणाऱ्याला तर पत्ता असतो.

दादाला मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्यानं मला वेड्यात काढलं. त्याचं म्हणणं, स्मार्ट मीटर, मोबाइल, पार्फिट सगळं राहू दे, आधी त्या बारा जणांचे ऑटोस्विच काढून दाखव. त्यानं स्वतः एक केलं. आपल्या स्टार्टरला त्यानं टायमर बसवला, लाईट आल्यावर मोटर दहा मिनिटांनी उठते. शेजाऱ्यानं, त्याच पोत्यातल्या चिमटीवाल्यानं, तो पाहिला आणि पंधरा मिनिटांचा बसवला, बहुतेक दादाच्या नंतर उठायचं म्हणूनच. आणखी दोघांनी किंमत विचारली. उरलेल्या आठांचे ऑटोस्विच तसेच आहेत. काकूंनी हे सगळं ऐकून एकच विचारलं: दहा मिनिटं मोटर बंद राहणार असेल तर त्या दहा मिनिटांत शेतात जायचं कुणी?

या हंगामातही काकांची काही पाणी रात्रीचीच आहेत. सकाळी सहाला त्यांच्या फिडरची लाईट जाते, आणि गावात तेव्हा आमच्या गल्लीतले हीटर चालू व्हायला लागतात.